विडीचे सूप आणि कानावरचा हेडफोन : बीपीओ म्हणजे नेमके काय?

सोलापुरात आयटी पार्क उभारण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली, तेव्हापासून आयटी, बीपीओ आणि कॉल सेंटर हे तीन शब्द घरोघरी एकाच श्वासात उच्चारले जाऊ लागले आहेत. मी वाणिज्य शाखेत शिकवतो, त्यामुळे निकालाच्या दिवसांत पालक भेटायला येतात आणि मुलांच्या नोकरीविषयी विचारतात. त्यांपैकी एका आईचा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला आहे. त्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतून आल्या होत्या. लेक बी.कॉम. झाली होती आणि पुण्यात तिची निवड झाली होती. त्या म्हणाल्या, "सर, पोरगी म्हणतीय काम बँकेचं हाय, पण पगार बँक देत नाही. मग ही नोकरी कुणाची म्हणायची?"

मी त्यांनाच उलट विचारले, "तुम्ही विड्या वळता त्या कुणाच्या?"

"कारखान्याच्या. पान-तंबाखू कारखान्यातून आणायचं, घरी सूप घेऊन वळायचं, मोजून द्यायचं. बंडलावर नाव कारखान्याचं."

एवढे बोलून त्या थांबल्या आणि मग सावकाश म्हणाल्या, "म्हणजे पोरगी आता बँकेच्या विड्या वळणार." मी मान हलवली, तसा त्यांनी लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मग तिथं छाट कोण ठरवणार?"

ज्यांच्या घरी कधी विडी वळली गेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. हजाराच्या हिशेबाने दिलेल्या मालातून आखूड, सैल किंवा फाटक्या पानाच्या म्हणून ज्या विड्या बाजूला काढल्या जातात, ती छाट. तिची मजुरी मिळत नाही. बीपीओ या व्यवसायाचे सगळे मर्म त्या माउलीच्या दोन प्रश्नांत आहे, असे मला वाटते. म्हणून हा लेख त्या प्रश्नांच्याच वाटेने लिहीत आहे.

तीन अक्षरांचा अर्थ

बीपीओ म्हणजे बिझनेस प्रोसेस आउटसोर्सिंग. यातला 'प्रोसेस' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. ठरलेल्या पायऱ्यांनी, पुन्हा पुन्हा, शेकडो लोकांसाठी करायचे काम म्हणजे प्रोसेस. समजा, एखाद्याचे एटीएम कार्ड हरवले आणि त्याने बँकेच्या क्रमांकावर फोन केला. त्याची ओळख पटवायची, कार्ड बंद करायचे, पत्ता तपासायचा, नव्या कार्डाची मागणी नोंदवायची आणि झालेल्या बोलण्याची नोंद ठेवायची, या पाच पायऱ्या दिवसातून हजार वेळा त्याच क्रमाने होतात. काम असे पायऱ्यांत मांडता आले की ते बँकेच्या इमारतीतच झाले पाहिजे असे बंधन उरत नाही. ते दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात सोपवणे, हेच आउटसोर्सिंग.

कॉल सेंटर हा याचा फक्त एक भाग आहे. फोनवर बोलून होणाऱ्या कामाला 'व्हॉइस' म्हणतात, आणि पडद्यासमोर बसून होणाऱ्या कामाला, म्हणजे विम्याचे दावे तपासणे, बिले नोंदवणे, पगारपत्रके तयार करणे अशा कामांना, 'बॅक ऑफिस'.

आयटी आणि बीपीओ यांत लोकांचा मोठा गोंधळ होतो. सोलापूरकराला तो एका वाक्यात सोडवता येईल: आयटीवाला माग, म्हणजे संगणकाची प्रणाली, बनवतो; बीपीओवाला त्या मागावर विणतो. दोन्ही कामांना कसब लागते, परंतु शिक्षण, पगार आणि पुढची वाट यांत मोठा फरक असतो. म्हणूनच 'आयटीत लागली' असे सांगितले गेले तर पालकांनी थोडे खोलात जाऊन विचारावे.

आपलेच काम दुसऱ्याला का द्यायचे?

सोलापुरातल्या चाटी गल्लीच्या आसपास किंवा बाळीवेशीत शेंगा चटणी विकणाऱ्या एखाद्या बाईंचा विचार करा. सुरुवातीला त्या दाणे भाजतात, कुटतात, पिशव्या भरतात आणि वहीसुद्धा स्वतःच लिहितात. धंदा वाढला की जीएसटीचे विवरणपत्र भरायला त्या बाहेरचा माणूस बघतात, पुढे पिशव्या भरायलाही बाहेरच्या बायका लावतात. पण तिखट-मीठ-लसणाचे प्रमाण मात्र त्या कुणाच्या हाती देत नाहीत. त्या बाईंनी अर्थशास्त्र वाचलेले नसते, पण कोणते काम घरात ठेवायचे आणि कोणते बाहेर द्यायचे हे त्यांना बरोबर कळते.

रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली हाच प्रश्न मांडला होता. बाजारात सगळे विकत मिळत असताना कंपन्या माणसे कायमची नोकरीला का ठेवतात, असे त्याने विचारले. त्याचे उत्तर साधे होते. बाहेरून काम करून घेण्यालाही खर्च येतो: माणूस शोधा, भाव ठरवा, करार करा, काम बरोबर झाले का ते तपासा. हा खर्च जास्त असेल तोवर काम घरात राहते आणि तो खर्च कमी झाला की ते बाहेर जाते. कोस यांना नोबेल पुरस्कार मिळाला तो १९९१ साली, म्हणजे ज्या वर्षी भारताने आपली अर्थव्यवस्था खुली केली त्याच वर्षी. त्यानंतरच्या दहा वर्षांत दूरदेशी काम करून घेण्याचा हा मधला खर्च इतक्या झपाट्याने उतरला की एक नवा उद्योगच उभा राहिला.

मात्र सगळेच काम बाहेर देता येत नाही, आणि बँकेच्या बाबतीत तर हे नियमानेच ठरलेले आहे. कर्ज मंजूर करायचे की नाही, खाते उघडणाऱ्याची ओळख नियमाप्रमाणे पटली की नाही, अंतर्गत तपासणीत काय आढळले, हे निर्णय बँकांनी बाहेर सोपवू नयेत असे रिझर्व्ह बँकेने २००६ पासूनच बजावलेले आहे. जे काम बाहेर दिले त्याचीही ग्राहकापुढची जबाबदारी बँकेचीच राहते. त्या आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे. मुलीची मालक ती बीपीओ कंपनी: पगार, रजा, भविष्य निर्वाह निधी सगळे तिच्याकडून. पण फोन करणाऱ्या ग्राहकासाठी ती मुलगी म्हणजे बँकच.

हा ओघ भारताकडेच कसा वळला?

याचे श्रेय अनेकदा आपल्या इंग्रजीला दिले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. इंग्रजी जाणणारे पदवीधर आपल्याकडे १९७५ सालीही होते. तेव्हा अमेरिकेचा फोन त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता. ट्रंक कॉल लावून तासन् तास वाट पाहिलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको.

तार जुळायला आधी सरकारी धोरण बदलावे लागले. १९८५ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही अमेरिकी कंपनी बंगळुरूत आली आणि तिने उपग्रहाच्या दुव्यावरून आपले काम परदेशी पाठवायला सुरुवात केली. १९९१ साली सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि निर्यात करणाऱ्या कंपन्यांना तिच्याकडून भरवशाचे दळणवळण मिळू लागले. १९९५ च्या स्वातंत्र्यदिनी विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. १९९९ मध्ये नवे दूरसंचार धोरण आले, आणि १ एप्रिल २००२ रोजी परदेशी फोनवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली. स्पर्धा सुरू झाली तसे दर कोसळले. मिनिटाला कित्येक रुपये मोजून अमेरिकेतल्या ग्राहकाशी भारतातून बोलणे कुणालाच परवडले नसते. आता ते परवडू लागले.

या वाटेवर सर्वांत आधी आल्या त्या बड्या परदेशी कंपन्या, आणि त्या आपले घरचेच काम घेऊन आल्या. अमेरिकन एक्सप्रेसने १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात दिल्लीत केंद्र काढले. १९९६ साली ब्रिटिश एअरवेजने आपले बॅक ऑफिसचे काम मुंबईत आणले. १९९७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या वित्तसंस्थेने गुडगावात केंद्र सुरू केले. पुढे ही केंद्रे इतकी वाढली की ती इतरांचेही काम घेऊ लागली. जनरल इलेक्ट्रिकचे केंद्र स्वतंत्र होऊन २००५ मध्ये 'जेनपॅक्ट' झाले. ब्रिटिश एअरवेजच्या केंद्राचे पुढे 'डब्ल्यूएनएस' झाले, आणि २०२५ मध्ये कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीने ते ३.३ अब्ज डॉलरना विकत घेण्याचा करार केला. एका विमान कंपनीचे हिशेब तपासण्यासाठी सुरू झालेल्या केंद्राला तीस वर्षांच्या आत ही किंमत आली, यावरून या व्यवसायाची वाढ लक्षात यावी. आयटी आणि बीपीओ मिळून या क्षेत्राची उलाढाल २०२२-२३ मध्ये सुमारे २४५ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे ५४ लाख माणसे काम करत होती, असे 'नॅसकॉम' या उद्योगसंघटनेचे आकडे सांगतात.

फरक किती? एक छोटी आकडेमोड

अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. अनेक राज्यांत ते याहून बरेच जास्त आहे. आठवड्याला चाळीस तासांप्रमाणे वर्षाचे १५,०८० डॉलर होतात. डॉलर ८५ रुपयांचा धरला तर महिन्याला सुमारे १ लाख ७ हजार रुपये. म्हणजे तिथल्या कायद्याने ज्याच्याहून कमी देताच येत नाही, ती रक्कम आपल्याकडच्या नवख्या पदवीधराच्या पगाराच्या कित्येक पट भरते. कार्यालय, वीज, गाड्या, प्रशिक्षण, देखरेख आणि बीपीओ कंपनीचा नफा एवढे सगळे वजा जाऊनही काम पाठवणाऱ्याची भरपूर बचत होते.

यावर एक रास्त आक्षेप येतो: मग ही आपल्या मुलांची पिळवणूकच नाही का? मला त्याचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १ लाख ७ हजारांत खोलीचे भाडे भागवणेही कठीण, तर सोलापुरात त्या रकमेत दोन कुटुंबे सुखाने राहतील. म्हणून नुसत्या रुपयांची तुलना फसवी ठरते. मुलीला इथे दुसरे कोणते काम, किती पगारात मिळाले असते, हीच खरी तुलना. पण ती केल्यावरही एक गोष्ट उरतेच. या बचतीचा मोठा वाटा काम देणाऱ्याकडे जातो, दुसरा वाटा मधल्या कंपनीकडे, आणि हेडफोन लावणाऱ्याच्या वाट्याला किती यायचे हे त्याची जागा घ्यायला रांगेत किती जण उभे आहेत यावरून ठरते. विडीचेही असेच आहे.

'हे परक्यांच्या पोटावर पाय देणे नाही का?'

अमेरिकेत असे मानणारे पुष्कळ लोक आहेत, आणि त्यांची अस्वस्थता खोटी नाही. ज्या गावातले कॉल सेंटर बंद होते त्या गावाला देशाच्या एकूण फायद्याच्या गोष्टी ऐकवून काय उपयोग? सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये एक विधेयक मांडले गेले. परदेशातून करून घेतलेल्या कामाच्या मोबदल्यावर २५ टक्के कर लावावा, असा त्याचा प्रस्ताव आहे. विधेयक मांडले जाणे आणि कायदा होणे यांत मोठे अंतर असते. पण वाऱ्याची दिशा त्यावरून समजते.

सोलापूरने हे नाटक एकदा पाहिलेले आहे, फक्त पात्रे वेगळी होती. इथली जुनी मिल १८७७ साली सुरू झाली. मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या गिरण्यांचे स्वस्त कापड बाजारात येऊ लागले तेव्हा इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी ओरड केली की हिंदुस्थानातील स्वस्त मजुरीमुळे आमचा धंदा बुडतो आहे. त्या दबावापुढे झुकून १८९६ साली हिंदुस्थानातील गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी कर बसवला गेला आणि तो सुमारे तीन दशके टिकला. आपल्याच देशात, आपल्याच कापसापासून, आपल्याच लोकांसाठी विणलेल्या कापडावरचा हा कर दुसऱ्या देशातल्या गिरण्यांच्या सोयीसाठी होता. अमेरिकेतील आजचा प्रस्ताव आणि तो कर एकसारखे नाहीत, कारण आपल्या देशात येणाऱ्या सेवेवर कर लावण्याचा हक्क प्रत्येक देशाला असतो. परंतु काम स्वस्त मजुरीकडे सरकले की आधीच्या ठिकाणचा माणूस राजसत्तेचे दार ठोठावतो, हे तेव्हाही झाले आणि आताही होते आहे. पुढे याच न्यायाने आपल्याकडचे काम दुसरीकडे जाऊ शकते. फोनवर बोलण्याच्या कामात २०१० च्या सुमारास फिलिपाइन्सने भारताला मागे टाकले. तिथल्या तरुणांचा अमेरिकी वळणाचा उच्चार आणि त्या देशाशी असलेली जुनी ओळख त्यांच्या कामी आली.

'शिकून-सवरून फोनवर बोलायचे?'

हा आक्षेप मी वडिलांच्या तोंडून जास्त ऐकला आहे. त्यात थोडा अभिमान असतो, थोडी भीतीही असते. त्यांना मी त्याच मुलीची गोष्ट सांगतो. ती दिवाळीत आली तेव्हा तिने मला सांगितली.

तिच्या टेबलावर दोन पडदे असतात. एकावर ग्राहकाची माहिती, दुसऱ्यावर पायऱ्यांचा तक्ता. कोपऱ्यात सेकंद पळत असतात, कारण प्रत्येक कॉल सरासरी किती वेळात आटोपावा याचे गणित बांधलेले आहे. पाणी प्यायला उठायचे तरी 'ब्रेक'चे बटण दाबून उठायचे. एके दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. एटीएमने त्यांचे कार्ड गिळले होते. ते मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत होते आणि घाबरलेले होते. मधूनच त्यांच्या तोंडून एक तेलुगू शब्द गेला. ही पद्मशाली घरातली, घरी तेलुगूच बोलणारी, तिने सहज तेलुगूत विचारले, "बाबा, तुम्ही आता कुठे उभे आहात?" गृहस्थांचा आवाज एकदम सैल झाला. नातीच्या लग्नासाठी पैसे काढायला आलो होतो, असे ते सांगू लागले. तिने कार्ड बंद केले, नव्याची मागणी नोंदवली, त्यांना धीर दिला. त्यांनी तोंडभर आशीर्वाद देऊन फोन ठेवला.

चार दिवसांनी त्या कॉलचे गुण आले: शून्य. बोलण्याच्या ओघात ती जन्मतारीख विचारायला विसरली होती. ओळख पटवण्याची एक पायरी सुटली की त्यांच्याकडे कॉल 'फेटल' होतो. मग बाकीचे कितीही चांगले असो, सगळे गुण जातात. त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह, म्हणजे पगारावरची जास्तीची रक्कम, तिच्या हातून गेली.

मी या गोष्टीकडे दोन्ही बाजूंनी पाहतो. नियम चुकीचा नाही, कारण तसाच गोड बोलून कुणी भामटाही दुसऱ्याचे कार्ड बंद करवून नवे आपल्या पत्त्यावर मागवू शकतो. पण त्या कॉलमध्ये घाबरलेल्या माणसाला त्याच्या भाषेत सावरण्याचे जे काम झाले, त्याला तक्त्यात रकानाच नव्हता. हे काम हलके नाही. राग गिळून शांत आवाजात बोलणे, अनोळखी माणसाची अडचण दोन मिनिटांत ओळखणे, नियम आणि माणुसकी यांचा मेळ घालणे हे कसब आहे, आणि फोनवर बोलण्यात काय आहे असे म्हणणाऱ्याने दिवसाला साठ-सत्तर अनोळखी लोकांशी न चिडता बोलून पाहावे.

रात्रपाळीचा प्रश्न मात्र खरोखर गंभीर आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. तिथले कार्यालय पाच वाजता मिटते तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन. झोप, जेवण, सणवार, लग्नाची बोलणी या सगळ्यांवर त्याचा परिणाम होतो. इंग्लंडचे काम दुपारी सुरू होऊन रात्री संपते, आणि भारतातल्याच ग्राहकांचे काम बहुतेक दिवसाच असते. मुलींच्या बाबतीत प्रवासाची चिंता निराधार नाही. २००५ मध्ये बंगळुरूत आणि २००७ मध्ये पुण्यात कंपनीने ठरवलेल्या गाडीच्या चालकाच्या हातून तरुण कर्मचारी मुलींचा जीव गेला. त्यानंतर गाडीत पहारेकरी, मुलगी शेवटची उतरणारी नसावी, चालकांची तपासणी हे नियम कडक झाले. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार स्त्रीला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती हवी आणि तिच्या सुरक्षिततेची व घरी पोचवण्याची व्यवस्था मालकाने केलेली हवी. ही सवलत नसून कायद्याने दिलेला हक्क आहे, हे मुलींना माहीत असले पाहिजे.

'यंत्र आले की हे सगळे जाणार ना?'

गिरण्यांचे भोंगे एकेक करून बंद झालेले ज्या शहराने ऐकले, त्या शहरात हा प्रश्न सगळ्यांत खोलवर लागतो. काही काम जाईल, आणि काही गेलेलेही आहे. डॉक्टरांनी बोलून ठेवलेल्या नोंदी ऐकून टंकित करण्याचे काम २००० च्या आगेमागे भारतात जोरात होते. बोललेले आपोआप लिहून घेणारी यंत्रणा सुधारत गेली तशी त्या कामाची गरज ओसरली. जे काम पायऱ्यांत जितके नेटके मांडता येते तितके ते यंत्राला शिकवणे सोपे. म्हणजे ज्या गुणामुळे ते काम भारतात आले, त्याच गुणामुळे ते यंत्राकडे जाते. या व्यवसायाची ही मूळ अडचण मला कुठल्याही भाषणात ऐकू येत नाही.

तरी सरसकट घाबरण्याचेही कारण नाही. क्लार्ना या स्वीडिश कंपनीने २०२४ च्या आरंभी जाहीर केले की तिचा कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा सहायक ७०० माणसांइतके काम करतो आहे. २०२५ मध्ये त्याच कंपनीने ग्राहकसेवेसाठी पुन्हा माणसे घेण्याची भाषा केली. शिल्लक किती आहे, पार्सल कुठे आहे, असले प्रश्न यंत्र सोडवेल. माणसाकडे येतील ते गुंतागुंतीचे, रागावलेल्या किंवा भांबावलेल्या लोकांचे प्रश्न. त्यासाठी माणसे कमी लागतील, पण जास्त तयारीची लागतील.

मोठ्या परदेशी कंपन्या आता भारतात पुन्हा स्वतःची केंद्रे काढत आहेत, आणि त्यांत हिशेब तपासण्यापासून संशोधनापर्यंतची वरच्या पायरीची कामे होतात. २०२३-२४ मध्ये अशी १,७०० हून अधिक केंद्रे भारतात होती आणि त्यांत सुमारे १९ लाख लोक होते. ती प्रामुख्याने बंगळुरू, हैदराबाद, पुणे अशा महानगरांत आहेत.

मग सोलापूरच्या वाट्याला काय?

लहान शहरांत बीपीओ नेण्याचा प्रयत्न केंद्र सरकारने एकदा केलेला आहे. डिजिटल इंडियाच्या अंतर्गत ४९३ कोटी रुपयांची योजना होती; ४८,३०० जागांसाठी प्रत्येक जागेमागे एक लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळणार होते, आणि मुंबई, पुणे, बंगळुरूसारखी महानगरे त्यातून मुद्दाम वगळलेली होती. त्यामागचा विचार मला आजही पटतो. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला निघालेल्या मुलामुलींचा पगार खोलीभाडे आणि खाणावळीत संपतो. तेच काम इथे मिळाले तर तो पगार घरात येईल.

सोलापूरचे खरे बळ मात्र स्वस्त जागेत नाही, असे मला वाटते. स्वस्त जागा अकोल्यातही मिळते. या शहरात एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू बोलली जाते, आणि भाजी घेताना माणूस नकळत भाषा बदलतो. भारतातल्या बँका, विमा कंपन्या, मोबाइल कंपन्या आणि घरपोच माल पाठवणारे यांचे ग्राहक आता तालुक्यांत आणि खेड्यांत आहेत; त्यांना इंग्रजी नको, आपली बोली हवी. चार भाषांत सहज बोलणारी पोरे एका शहरात इतक्या संख्येने अन्यत्र शोधावी लागतील. आयटी पार्कच्या चर्चेत जमीन, विमानतळ आणि रस्ते येतात. हे चार भाषांचे भांडवल कुणाच्या बोलण्यात आलेले मी अजून ऐकले नाही.

एक सावधगिरी. खरे बीपीओ आणि फसवणुकीचे फोन-अड्डे यांत फरक ओळखायला शिका. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला छापे घातले तेव्हा अमेरिकी करखात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकेतल्या लोकांना लुबाडणाऱ्या खोट्या कॉल सेंटरांत शेकडो तरुण पकडले गेले. त्यांतल्या अनेकांची ती पहिलीच नोकरी होती. नोकरीसाठी अनामत मागणारी, खोटे नाव घेऊन खोटी धमकी द्यायला शिकवणारी, पगार रोख हातात देणारी जागा ही नोकरी नव्हे. तिथून बाहेर पडा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

छाट कोण ठरवणार?

आता त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बीपीओ कंपनी आणि काम देणारी कंपनी यांच्यात सेवेच्या दर्जाचा करार असतो. उदाहरणार्थ, शंभरातले ऐंशी फोन वीस सेकंदांच्या आत उचलले गेले पाहिजेत, इतके टक्के कॉल निर्दोष असले पाहिजेत, वगैरे. हे पाळले गेले नाही तर बिलातून रक्कम कापली जाते. ही वरची छाट. तिचा भार एकेक पायरी उतरत गटप्रमुखापर्यंत येतो आणि तिथून हेडफोन लावलेल्या मुलीच्या इन्सेंटिव्हपर्यंत. निकष ठरवणारा सर्वांत वर बसलेला असतो, आणि मुलीची त्याच्याशी कधी गाठ पडत नाही.

विडी कामगारांसाठी १९६६ साली केंद्राचा स्वतंत्र कायदा झाला, तेव्हा छाटीवरून आणि छाटलेल्या विड्यांच्या मजुरीवरून होणाऱ्या वादांचा निवाडा झटपट व्हावा अशी तरतूद त्यात मुद्दाम घातली गेली. छाटीचा अनुभव विडी वळणाऱ्या बायकांना कारखान्याच्या पायरीवर येतच होता. बीपीओतल्या गुणांसाठी कायद्यात अशी खास जागा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येकाला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक केले आहे, ही चांगली गोष्ट आहे. मात्र त्या पत्रात काय लिहिले आहे ते वाचणे आपल्याच हाती असते. ठरावीक पगार किती आणि इन्सेंटिव्ह किती? कोणती प्रोसेस, कोणती पाळी? नोकरी सोडताना बॉण्डचे पैसे मागणार का? प्रोसेस बंद झाली तर दुसरीत घेणार की घरी पाठवणार? आणि गुण कापले गेले तर दाद कुणाकडे आणि किती दिवसांत मागायची?

शेवटचा प्रश्न त्या मुलीने निवडीच्या वेळी विचारला नव्हता. शून्य गुणांचा कॉल पुन्हा ऐकून घेण्याची मागणी करता येते आणि त्याला दोन दिवसांची मुदत असते, हे तिला मुदत टळल्यावर समजले. दिवाळीच्या त्या भेटीत आईसुद्धा बरोबर आल्या होत्या. सगळे ऐकून घेतल्यावर त्या लेकीला म्हणाल्या, "आम्ही छाट काढताना समोर उभं ऱ्हातो. एकेक विडी बघून घेतो. तू बी समोर उभं ऱ्हा."